बेल्ट ग्राइंडरची घरी बनवलेली अटॅचमेंट: वेल्डिंग झालं, आता ठेवायची कुठे?

कानसवाला (नाशिक, सिडको)

मंडळी, तीन वर्षांपूर्वी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बेल्ट ग्राइंडर बांधला. पट्टा ५० बाय १८३० मिमी, म्हणजे सुऱ्या बनवणाऱ्यांचा नेहमीचा दोन बाय बहात्तर. दीड एचपीची थ्री फेज मोटर, २८८० आरपीएम, व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्यावर. शाफ्टवर १०० मिमीचं व्हील. तेव्हा सोबत एकच फ्लॅट प्लेटन, म्हणजे पट्ट्यामागची सपाट प्लेट, होतं आणि मी सुखात होतो.

परवा मोजले तर सात नग भरले. दोन प्लेटन (एकाला काच लावलेली), २०० मिमीचं रबरी कॉन्टॅक्ट व्हील, छोट्या व्हीलचा होल्डर, मोकळ्या म्हणजे मागे आधार नसलेल्या पट्ट्यावर घासायचा आर्म आणि दोन टेकू-टेबलं. ही सगळी वरात टेबलाखाली दुधाच्या क्रेटमध्ये. गेल्या ऑगस्टमध्ये कॉन्टॅक्ट व्हील बाहेर काढलं तर त्याच्यावर जड प्लेटन रेललेलं आणि रबराला अंगठ्याएवढा खड्डा. ते लावून पट्टा फिरवला की दर फेऱ्याला टक टक, आणि पात्यावर तळ्यातल्यासारख्या लाटा.

रबर गेलं ते गेलं. त्याहून मोठं नुकसान उशिरा लक्षात आलं. हवं ते अटॅचमेंट काढायला आधी तीन दुसरी उचलावी लागायची, म्हणून मी बदलायचोच नाही. विळ्याची आतली बाजू प्लेटनच्या कडेवर घासायची, छोट्या व्हीलचं काम गोल कानशीवर भागवायचं. त्या कडेवर दोन पट्टे फाटले. बनवली सात, वापरात एक!

तेव्हापासून घरचा कायदा केलाय: भिंतीवर घर ठरल्याशिवाय नवा आर्म, म्हणजे अटॅचमेंटचा मशीनमध्ये घुसणारा दांडा, कापायचा नाही.

रॅकची हकीकत अशी. मशीनवर आर्म घुसतो तो चौरस पाईप ५० बाय ५०, जाडी ५ मिमी. त्याचाच उरलेला तुकडा होता, त्यातून ६० मिमीची आठ घरं कापली. पहिल्यांदा ती भिंतीला आडवी लावली. आर्म आत सरकवला की अटॅचमेंट भिंतीतूनच उगवल्यासारखं दिसे. फोटोत फारच झकास. पण भिंत चार इंची, त्यात रॉल प्लग, आणि दीड फूट पुढे टोकाला पाच किलोचं व्हील. तिसऱ्या रात्री दीड वाजता प्लग, प्लॅस्टर आणि व्हील एकत्रच खाली आले. घरच्यांना वाटलं चोर शिरला.

दुसऱ्या खेपेला घरं उभी केली. आर्म वरून खाली सोडायचा, तो आरपार खाली लोंबतो, डोकं घराच्या काठावर बसतं. खालून घर उघडं, त्यामुळे बुरा साठत नाही. घरं भिंतीपासून १२० मिमी पुढे, म्हणजे व्हील भिंतीला घासत नाही. दोन घरांत १५० मिमी अंतर, कॉन्टॅक्ट व्हीलच्या दोन्ही बाजूंना २५०. सगळं एका पाच फुटी पट्टीवर वेल्ड केलं आणि पट्टीला अँगलचे दोन पाय थेट फरशीपर्यंत दिले. भिंतीला फक्त टेकू, वजन जमिनीवर. उंची कमरेएवढी. खांद्याच्या वर जड लोखंड ठेवणाऱ्याला एकदा तरी ते पायावर घ्यावं लागतं.

आठवं घर मुद्दाम रिकामं ठेवलंय.

आता अडचण अशी की पावसाळ्यात आर्म आणि घर एकमेकांना गंजून धरतात. तुम्ही काय करता?

पाट्याची सुरी

रॅक आवडला, पण मुळावर घाव घालू का? सात कशाला? माझी तीन आहेत आणि गेली पाच वर्षं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून सुऱ्या करतोय. प्लेटन, एक व्हील, एक टेबल. मोकळ्या पट्ट्यासाठी वेगळा आर्म लागतच नाही, प्लेटनची प्लेट दोन बोल्ट काढून मागे सरकवली की झालं. लोक मशीन बांधतात, मग मशीनसाठी अटॅचमेंट, मग अटॅचमेंटसाठी रॅक, आणि सुरी काही होत नाही.

बाकी, आर्म भरीव की पोकळ? ते सांगितलं नाहीस.

कानसवाला

सुरीभाऊ, बोचलं, कारण खरं आहे. यंदा सुऱ्या दोनच झाल्या.

आर्म दोन्ही प्रकारचे आहेत. ३८ मिमी चौरस भरीव ब्राइट बारचा ४५० मिमी तुकडा पाच किलोच्या थोडा वर जातो. त्याच मापाचा ३ मिमी जाडीचा पोकळ पाईप दीड किलोत बसतो. कॉन्टॅक्ट व्हीलला भरीव, कारण तिथे भरपूर दाब पडतो आणि थरथर नको. टेबलांना पोकळ. मात्र पोकळ पाईपवर क्लॅम्पचा बोल्ट थेट आवळला की खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी आर्म बरोबर त्याच खड्ड्यात जाऊन बसतो, तुम्हाला हवा असो वा नसो. म्हणून वरच्या अंगाला ३ मिमीची पट्टी टाके मारून जोडली. ती जोडली की आर्म वरून ४१ होतो आणि घरात शिरत नाही, हे ज्ञान पट्टी जोडल्यावर झालं. मग पाईपच ३५ चा घेतला.

आणखी एक. ५० चा पाईप, ५ ची जाडी, म्हणजे आत ४० मिळायला हवेत. मिळत नाहीत. पाईपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो आणि कोपरे आतून गोल. भरीव बारच्या धारदार कडा तिथेच अडतात. शिवण लांब कानशीने घासली, बारच्या चारही कडा दोन-दोन मिमी मारल्या, तेव्हा कुठे आर्म हाताने सरकायला लागला. माझ्या आधी हे करणाऱ्या कोणी कुठे लिहिलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता. म्हणून लिहितोय.

क्लॅम्पला एक बोल्ट पुरत नाही. एक वरून, एक बाजूने. दोन्ही आवळले की आर्म दरवेळी त्याच कोपऱ्याला चिकटतो आणि पट्टा नव्याने मधोमध आणायची कटकट राहत नाही. अटॅचमेंट बदलायला मला आता चहा गाळण्याएवढा वेळ लागतो.

लेथवाली (सातपूर)

मी वडिलांचं लेथ चालवते. ग्राइंडरची व्हीलं करायला पोरं वरचेवर येतात, त्यामुळे चार गोष्टी सांगते.

पहिली, बेअरिंगमधली नळी. व्हीलमध्ये दोन बेअरिंग बसवता, दोन्हींच्या मध्ये आतल्या रिंगांना टेकणारी नळी टाकता का? दहातले आठ जण टाकत नाहीत. मग बोल्ट आवळला की आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या कडेवर घासतात, व्हील हाताला जड लागतं आणि पाच मिनिटांत तापतं. मग येऊन म्हणतात बेअरिंग डुप्लिकेट निघालं. नळी बरोबर त्या अंतराएवढी हवी, केसभर जास्त चालेल, कमी अजिबात नको.

दुसरी, छोटी व्हीलं. तुमचं शाफ्टवरचं व्हील १०० चं आणि मोटर २८८० ची. म्हणजे ३० मिमीचं व्हील ९६०० आरपीएम फिरणार, २० चं १४४००. त्यात ग्रीस भरलेलं सीलबंद बेअरिंग पूर्ण वेगाने तासभर चालवाल तर ते रडणारच. व्हीएफडी आहे ना, मग छोट्या व्हीलला वेग निम्म्यावर आणा. कामही नाजूक असतं तिथे.

तिसरी, पट्टा मधोमध ठेवणाऱ्या व्हीलला मध्ये फुगवटा हवा, पण तो डोळ्याला जेमतेम दिसेल इतकाच. एकाने मला ढोलकीसारखं व्हील करायला लावलं होतं. पट्ट्याचा मधला भागच घासला जायचा, दोन्ही कडा नव्या कोऱ्या.

चौथी तुमच्या धाग्याबद्दल. रबराचं व्हील रबरावर टेकवून ठेवायचं नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. उन्हात पण नको. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये काय होतं ते सांगायला नको. जुन्या चादरीची पिशवी शिवून घाला. बेअरिंगमध्ये बुरा शिरत नाही हा वरचा फायदा.

नवाभरती

सगळं वाचतोय, वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. घरात सिंगल फेज आहे, थ्री फेज मोटर कशी चालते? आणि अटॅचमेंट बनवताना पट्टा नेमका बसेल हे आधी कसं कळतं?

कानसवाला

भाबडा नाही रे. सिंगल फेज २३० आत घेऊन थ्री फेज २३० बाहेर देणारा व्हीएफडी मिळतो. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या येतात, त्या डेल्टात बदलाव्या लागतात (मोटरच्या वायरी जोडायच्या या दोन पद्धती). मोटरच्या पाटीवर दोन्ही व्होल्टेज लिहिलेले असतील तरच. पाटी वाच, आणि मोटरच्या डब्यातल्या जोडपट्ट्या फिरवायला इलेक्ट्रिशियन बोलाव, यात हिरोगिरी नको. व्हीएफडी बंद डब्यात ठेव. लोखंडी बुरा वीज वाहतो, आत गेला तर संपलं.

पट्ट्याचं गणित मी कागदावर कधीच केलं नाही. पार्सलला बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी घेतली, १८३० मिमीचं कडं केलं आणि स्टेपल मारली. व्हीलं नुसती टॅक करून ते कडं सगळ्यांवरून फिरवतो. टेन्शनचा, म्हणजे पट्टा ताणून धरणारा आर्म त्याच्या फिरण्याच्या साधारण मध्यावर असला की पूर्ण वेल्ड. हा नवीन पट्टा घालवायचा उद्योग नाही, सुतळी मात्र ताणते, तिच्यावर विसंबू नको.

रंधा

मी लाकूडवाला, सुऱ्यांच्या मुठी करतो. ठेवण्याबद्दल बोलताय म्हणून एक ठेवू नये ते सांगतो.

ग्राइंडरखाली मी बुरा ओढायला व्हॅक्यूम लावला होता. सकाळी मुठीचं शिसम घासलं, दुपारी त्याच पट्ट्याच्या जागी दुसरा लावून पात्याचा पाटा घासला. ठिणग्या पाईपमधून थेट लाकडाच्या भुश्शात. तासाभराने जेवून आलो तर डब्यातून धूर. आग लगेच लागत नाही, आत धुमसत राहते, हे भयानक आहे. माझं सगळं सामान त्याच कोपऱ्यात होतं.

याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियम. गंजलेल्या लोखंडाचा बुरा आणि ॲल्युमिनियमचा बुरा एकत्र साठला आणि त्यात ठिणगी पडली, तर रुळ जोडायला जो थर्माइट वापरतात तोच तुम्ही घरी बनवलेला असतो. तो पाण्यानेही विझत नाही. व्हीलं ॲल्युमिनियमची करता, त्यांच्या कडा ग्राइंडरवरच साफ करता, म्हणून सांगितलं. ॲल्युमिनियम घासायच्या आधी आणि नंतर खालचा डबा रिकामा करा, पुसा. लोखंडासाठी पाण्याची बादली चालते, ॲल्युमिनियमचा बारीक बुरा पाण्यात नको, हायड्रोजन सुटतो.

आणि कानसवाले, रॅक ठिणग्यांच्या दिशेला नाही ना?

कानसवाला

उलट्या भिंतीला आहे. पण व्हॅक्यूमची चूक मीही करत होतो, फक्त नशीब बरं होतं. आज डबा उघडून पाहिला, खाली सागवानाचा भुसा आणि वर काळा बुरा, थर मोजून घ्यावेत असे. रिकामा केला.

द्राक्षबाग (निफाड)

आमच्याकडं हा विषय वेगळ्याच कामाचा. छाटणीच्या कात्र्या. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि दोन्ही वेळेला मजुरांच्या हातात वीस-पंचवीस कात्र्या. धार नसली की काडी चेचली जाते, मग त्या जागी रोग. धार लावून देणारा दारात येतो, फिरत्या दगडावर घरघर करून पातं निळं करून देतो. दोन दिवसांत बोथट.

या मशीनवर कात्री होईल का? कोणत्या अटॅचमेंटवर?

पाट्याची सुरी

निळं झालं म्हणजे साधारण तीनशे अंश गाठले, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. त्या जागी धार आता टिकणार नाही, निळा भाग संपेपर्यंत घासावं लागेल. प्रत्येक फेऱ्याला पाण्यात बुडवा. बोटाला गरम लागलं की थांबा, म्हणून हातमोजे घालू नका. तसंही फिरत्या पट्ट्याजवळ हातमोजा नकोच, तो हातासकट ओढला जातो.

इथे मात्र मी कबूल करतो, कात्रीला माझी तीन पुरणार नाहीत.

कानसवाला

दादा, कात्रीचे दोन भाग सुटे करावे लागतात, मधला बोल्ट काढून. कापणारं पातं बाहेरून फुगीर असतं, त्याला एकाच बाजूने उतार. तो उतार मोकळ्या पट्ट्यावर, २४० ग्रेडचा बारीक पट्टा, वेग अगदी कमी. सपाट बाजूला उतार द्यायचा नाही, फक्त धारेवर उलटून आलेली पातळ काटी दगडावर आडवं धरून काढायची. बरेच जण तिथे चुकतात आणि मग दोन पात्यांत फट पडते, काडी कापायच्या ऐवजी मध्ये दुमडते. समोरचा आकडा, ज्यावर काडी टेकते, त्याला धार लावायची नसते. त्याच्या आतल्या वळणावरचा चीक आणि गंज छोट्या व्हीलने हलक्या हाताने काढायचा.

विळा पण तसाच, आतलं वळण कॉन्टॅक्ट व्हीलवर. प्लेटनवर विळा लावू नका, मी दोन वर्षं लावला.

द्राक्षबाग (निफाड)

सपाट बाजूचं आज कळलं भो. आमचा धारवाला दोन्हीकडून लावतो!

लेथवाली (सातपूर)

गंजाचा प्रश्न तसाच राहिला. आमच्याकडे आषाढात लेथच्या बेडवर रात्रीत तांबूस साय येते, तेव्हा तुमच्या पत्र्याच्या शेडची कल्पना करू शकते.

मशीनवरचं घर आणि रॅकमधलं घर एकाच मापाचं ठेवलंत, तिथे घोळ आहे. मशीनवर घट्ट हवं, रॅकमध्ये ढिलं. रॅकच्या घरात आर्मला चारी बाजूंनी तीन-तीन मिमी मोकळीक द्या, हवा खेळू दे. माप मोठं करायचं नसेल तर पाईपची पुढची भिंत कापून टाका, इंग्रजी सी सारखं घर राहील. आणि लोखंड लोखंडाला टेकू देऊ नका. स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा जुना प्लॅस्टिकचा पाट कापून त्याच्या पट्ट्या आत चिकटवा. ट्यूबचं रबर लावू नका, ते ओल धरून ठेवतं.

तेल लावताय तर आर्मला लावू नका, तेलाला बुरा चिकटतो आणि तो लेप मशीनच्या घरात जाऊन एमरी पेपरचं काम करतो. मेण चोळा. देवघरातली मेणबत्ती चालते, आर्म जरा उन्हात कोमट करून चोळायची आणि कापडाने पुसायची.

रंधा

पट्ट्यांचं काय करता? माझे गेल्या जुलैत जोडावर सुटले, चार पट्टे, चारही नवे.

पाट्याची सुरी

खिळ्याला टांगले होते ना? खिळ्यावर पट्टा घडी पडून मोडतो. चार इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे भिंतीला आडवे लाव, त्याची गोलाई पुरते. ग्रेडप्रमाणे वेगळे, ३६, ६०, १२०, आणि बारीकसारीक शेवटी. पट्ट्यांना साधारण वीस अंश तापमान आणि ४५ ते ६५ टक्के आर्द्रता मानवते. नाशिकच्या जुलैत हे कुठून आणणार? मी बंद पडलेला फ्रिज भंगारातून घेतला, आतले कप्पे काढले, पाईप बसवले. दाराचं रबर शाबूत आहे. आत सिलिका जेलची मोठी पिशवी, महिन्यातून एकदा तव्यावर तापवून पुन्हा आत. तेव्हापासून एकही जोड सुटला नाही.

बायको म्हणते, घरात चालू फ्रिज लहान आणि बंद फ्रिज मोठा असं हे एकच घर असेल.

नवाभरती

प्लेटनला काच लावलीय असं पहिल्या पोस्टमध्ये आहे. कसली काच?

कानसवाला

इंडक्शन शेगडीची. वरची काच तडकली की लोक शेगडी भंगारात देतात. ती बहुतेक सिरॅमिक काच असते, उष्णतेला दबत नाही आणि पट्ट्याने लवकर झिजत नाही. लोखंडी प्लेट माझी सहा महिन्यांत मध्ये खोलगट झाली होती. टाईल कापायच्या हिऱ्याच्या ब्लेडने, वरून पाणी सोडत सावकाश कापायची, इपॉक्सीने चिकटवायची आणि खालच्या काठाला पट्टीचा टेकू द्यायचा, कारण पट्टा तिला खाली ढकलत असतो. काही शेगड्यांना टफन काच असते. ती ब्लेड टेकताच साखरेसारखी फुटते. माझी पहिली तशीच फुटली, म्हणून चष्मा आणि तोंडाला मास्क लावूनच.

काचेच्या प्लेटनचं घर रॅकमध्ये अगदी कडेला, भिंतीच्या कोपऱ्यात. येता-जाता कोपर लागू नये म्हणून.

कानसवाला

अपडेट. लेथवाली ताईंच्या सांगण्यावरून रविवारी सगळ्या घरांची पुढची भिंत कापली, आत पाटाच्या पट्ट्या लावल्या. आठ घरांना एक पाट पुरला, तो घरातला चालू पाट होता हे संध्याकाळी कळलं, नवीन आणून दिला. प्रत्येक घराच्या वर त्या अटॅचमेंटचा आकार पिवळ्या ऑइलपेंटने काढला, म्हणजे काय जागेवर नाही ते दारातूनच दिसतं. क्लॅम्प, टेबल, प्लेटन सगळीकडचे बोल्ट एम ८ चे केले. एकच ६ मिमीची ॲलन की, दोरीने रॅकलाच बांधलेली. आधी चार चाव्या होत्या आणि त्यातली हवी ती नेहमी दुसऱ्याच खिशात.

पाट्याची सुरी

क्लॅम्पला एम ८ नाजूक पडेल, तिथे १० ठेव. बाकी ठीक.

कानसवाला

मान्य. क्लॅम्पला १०, बाकी ८. चाव्या दोन.

द्राक्षबाग (निफाड)

गोडी छाटणीच्या आधी येऊ का? बावीस कात्र्या आहेत, त्यातल्या सहा निळ्या. मजुरी सांगा. आणि कात्री हातात धरून एकसारखा उतार येत नाही असं वाटतंय, प्रत्येक वेळी वेगळाच. पातं बसवायची एखादी चिमटी टेबलावर करता येईल का?

कानसवाला

मजुरीचं मागाहून बघू, आधी दोन निळ्या कात्र्या घेऊन या. बावीस एका दिवशी नाही होणार, सावकाशच होतात.

चिमटीचा विचार डोक्यात आहे. टेबलावर एक कोनात झुकलेली पट्टी, तिच्यात कात्रीच्या मधल्या बोल्टच्या जाडीची खुंटी. पातं त्या खुंटीवर बसवून फिरवायचं, म्हणजे उतार कायम राहील. येताना पातं सुटं करून त्याच्या मधल्या भोकाचं माप मिमीत घेऊन ठेवा, आणि सगळ्या कात्र्या एकाच बनावटीच्या आहेत का तेही बघा. वेगवेगळ्या असल्या तर खुंट्या बदलत्या कराव्या लागतील.

आठवं घर त्याच्यासाठीच ठेवतो.